होडीच्या खिडक्या

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो, तेव्हा नांदेडहून सासऱ्यांचा फोन आला.

“जावई, होडीच्या खिडक्या पार गेल्यात. वरचं झाकणबी गेलंय. तुमच्या हातातलं काम हाय. येऊन बघता का?”

“येतो,” म्हणालो आणि फोन ठेवला. उरलेलं शटर वर केलं, झाडू मारला, दारात पाणी शिंपडलं. दहा-पंधरा मिनिटांनी लक्षात आलं, बायको गेल्यापासून सहा महिन्यांत त्या घरातून मला आलेला हा पहिला फोन. लक्षात आलं, एवढंच. त्या दिवसांत गोष्टी माझ्या लक्षात यायच्या. वाटायचं काही नाही.

ती ऑगस्टमध्ये गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी ती नव्हती. आम्हाला मूलबाळ नव्हतं. अग्नी दिला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भंतेजींनी वंदना घेतली, लोक जेवून गेले आणि दुसऱ्या दिवशी मी औसा रोडवरच्या एका बंगल्यात स्लायडिंग खिडक्या बसवायला गेलो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर-बीर काही नव्हता. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल आपला असून आपला नसतो, तसा मी सगळाच झालो होतो. तो गाल चावला गेला तरी कळत नाही. रक्त दिसल्यावर कळतं.

माझा लातूरला ॲल्युमिनिअमच्या दारं-खिडक्यांचा धंदा आहे. वीस वर्षं लोकांच्या भिंतींतली भोकं बुजवतोय. त्यामुळे कुणाच्याही घरी गेलो तरी माझं लक्ष आधी खिडकीकडे जातं, मग माणसाकडे. तिला बघायला गेलो होतो तेव्हाही मला आधी खिडकीचा ढिला गज दिसला आणि मग ती. हे लग्नानंतर तिला सांगायचा गाढवपणा केला, तर दोन दिवस अबोला धरला होता तिनं.

सासरे नौदलाच्या गोदीत सुतार होते. मी त्यांना मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. आमच्याकडे तसंच म्हणतात. तीस वर्षं मुंबईत लाकूड आणि फायबर दुरुस्त करून मामा नांदेडला परतले, तेव्हा पेन्शनीबरोबर एक शिडाची होडीही घेऊन आले. कुठल्याशा क्लबानं भंगारात काढलेली, चोवीस फुटी, मधे बुटकी केबिन. ट्रकवर घालून आणली तेव्हा वाटेत लोक विचारायचे, हे विमान कुठं पडलं? विष्णुपुरी धरणाचं पाणी जिथं मागं पसरतं तिथं भावकीतल्या एकाची केळीची बाग आहे. त्या केळीच्या टोकाला पत्र्याची शेड ठोकून मामांनी होडी ठेवली. रीतसर परवानगी काढून तीन-चार वर्षं पाण्यात फिरवली. मग त्यांचे गुडघे गेले, शेडचा अर्धा पत्रा वावटळीत उडाला तो उडालाच, आणि गेली दहा वर्षं होडी ऊन-पाऊस खात तिथंच उभी होती.

दहा वर्षं उभ्या असलेल्या होडीच्या खिडक्या आत्ताच का बदलायच्या, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही.

पहिल्या रविवारी दुकानाचा टेम्पो घेऊन अहमदपूर, लोहा करत नांदेडला गेलो. मामींनी दारातच पाय धुवायला पाणी दिलं, टॉवेल हातात ठेवला, पाटावर बसवलं आणि मामांच्या आधी मला वाढलं. जावयाचं जे जे करायचं ते सगळं. जावई म्हणजे दहावा ग्रह. त्याला शांत ठेवायचं आणि कामाला तर कधीच लावायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण त्या घरात मी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः उचलला नव्हता. एकदा त्यांच्या मोरीच्या खिडकीची काच फुटली, तर मामांनी बाहेरचा माणूस बोलावला. मी समोर बसून पोहे खात होतो आणि तो बहाद्दर काच वाकडी बसवत होता. जीभ चावून गप्प बसलो होतो.

आणि आता त्याच मामांनी मला मापं घ्यायला बोलावलं होतं. मी मनात म्हणालो, बरोबर आहे. लेक गेली, जावईपण गेलं. उरला तो मिस्त्री. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्याच, “जावयाला कुनी कामाला लावतंय व्हय?” मामी आत गेल्या. मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

मग आम्ही दोघं केळीत गेलो. होडीच्या केबिनला दोन्ही अंगांनी दोन-दोन खिडक्या आणि पुढच्या बाजूला छतावर एक झाकण. मामा गोदीतल्या सवयीनं त्याला हॅच म्हणत. खिडक्यांची ॲक्रेलिक शीट पांढुरकी पडली होती, तिला बारीक तडे गेले होते, आरपार काही दिसत नव्हतं. फ्रेमचे स्क्रू गंजून जागेवरच मुरले होते. हॅचचं रबर हातात घेतलं तर त्याचा भुगा झाला. पाणी झिरपून आतल्या बाकड्यांचं प्लायवूड फुगलं होतं.

हे काम मला येत नाही, हे दहा मिनिटांत कळलं. घराच्या खिडकीला पाणी वरून येतं, तेही वर्षातले चार महिने. होडीच्या खिडकीला ते बाजूनं येतं, खालून उडतं आणि कायम येतं. शिवाय घराच्या खिडकीवर कुणी उभं राहत नाही, हॅचवर राहतात. ज्या लातुरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं, तिथल्या माणसानं होडी पाणीबंद करायची म्हणजे विनोदच होता. पण नांदेड-लातुरात हे करणारा दुसरा होता कोण? वासरांत लंगडी गाय शहाणी.

“जमंल का?” मामांनी विचारलं.

“जमवू,” मी म्हणालो.

“हॅच लई मोठं करू नका. एका मानसाचं डोस्कं निघावं, बास. तिला त्यातूनच डोस्कं काढून बसायचं असायचं.” एवढं बोलून ते टेपचं दुसरं टोक धरायला गेले. तिच्याबद्दल त्या दिवसातलं हे एकच वाक्य.

त्या दिवशी मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. जानेवारीत माझ्या थोरल्या बहिणीनं माझ्यासाठी स्थळ काढलं होतं. उदगीरची, अंगणवाडीत काम करणारी, नवरा पाच वर्षांपूर्वी गेलेला. मी नको म्हणालो नाही. त्या दिवसांत कुणी वाढलं की जेवायचो, कुणी बस म्हणालं की बसायचो, तसाच हो म्हणालो. मेमध्ये विहारात साध्या पद्धतीनं लग्न करायचं ठरलं. बहिणीनं एकच बजावलं होतं: नांदेडच्या दोघांना तू स्वतः जाऊन सांग, दुसऱ्याच्या तोंडून त्यांच्या कानावर जाता कामा नये.

सांगणं अवघड नव्हतं. सांगितल्यानंतरचं अवघड होतं. मूल असतं तर नातवाच्या निमित्तानं येणं-जाणं राहिलं असतं. दुसरं लग्न झाल्यावर त्या घरात मी कोण? ते मला हाकलणार नव्हते. तसली माणसंच नव्हती ती. चहा देतील, बरं हाय का विचारतील, मग वर्षातून दोनदा फोन, मग तोही नाही. तिला माझ्याइतकं ओळखणारी जगात ही दोनच माणसं होती. मला कशाचंच काही वाटत नव्हतं, पण ते दार बंद होईल याची भीती मात्र वाटत होती. ती भीती सोडली तर माझ्यात दुसरं काही हलत नव्हतं.

मापं घेऊन झाली. चहा झाला. काही न सांगता लातूरला परतलो.

मग दर रविवारी जाऊ लागलो. पुढच्या खेपेला जुन्या फ्रेमी काढल्या. स्क्रू फिरतच नव्हते, डोकी कापून काढावी लागली. मामा खाली खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच सगळं बघायचे. डोळे अधू झाले होते, पण हाताला सगळं दिसायचं. मी घासलेल्या कडेवरून ते बोट फिरवत आणि म्हणत, “हितं जुनं सिलिकॉन राहिलंय.” मी बघायचो, खरंच नखभर राहिलेलं असायचं. हॅचची चौकट मी दुकानात बनवून नेली, तर ती बसवायच्या आधीच त्यांनी एका कोपऱ्यावर हात ठेवला. “हा कोपरा चढलाय जावई. सुताभर.” काटकोनाचा गुण्या लावला, सुताभर चढलेला होता. वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला हे ऐकून घेणं जड जातं. पण ऐकून घेतलं, चौकट परत लातूरला नेली आणि कोपरा नीट केला.

शिकवायचेही. शीटला बोल्टपेक्षा मोठं भोक पाडायचं, कारण आपल्याकडच्या उन्हात शीट फुगते आणि जागा मिळाली नाही की तडकते. बोल्ट शेवटपर्यंत आवळायचे नाहीत, मधे सीलंटची गादी राहिली पाहिजे. पाणी अडवतं ते सीलंट. बोल्ट फक्त धरून ठेवतात. घराच्या खिडकीचं सिलिकॉन इथं चालत नाही, म्हणून त्यांनी हैदराबादहून वेगळं, काळं, दाट सीलंट मागवून ठेवलं होतं. मी ऐकायचो, मान हलवायचो, करायचो. आम्ही दुसरं काही बोलायचो नाही. आठवडाभर लोक माझ्या तोंडाकडे सावरला का, रडला का, असं बघत असायचे. मामा फक्त कडा सरळ आली का ते बघायचे. मला ते बरं पडत होतं.

तिसऱ्या रविवारपासून मामींनी पाट मांडणं बंद केलं. डबा करून केळीत पाठवायच्या किंवा स्वतः घेऊन यायच्या, आणि आम्ही तिघं होडीच्या सावलीत जेवायचो. भाकरी, पालेभाजी, ठेचा. पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं. मला वाटलं, झाली उतरण सुरू. पाट गेला, आता काम संपलं की आपणही गेलो.

म्हणून मी काम रेंगाळवत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. एका दिवसाच्या कामाला मी दोन रविवार लावायचो. कधी ड्रिलचं बिट विसरायचो, कधी रबर चुकीच्या मापाचं न्यायचो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. दर रविवारी टेम्पोत बसताना ठरवायचो, आज सांगायचं. लोह्यापर्यंत वाक्य जुळवून व्हायचं. नांदेडला पोहोचलो की मामा विचारायचे, “कवा निघालाव? जेवलाव का?” आणि वाक्य गिळून मी हत्यारं उतरवायचो. बहीण रात्री फोन करायची. “सांगितलंस का?” “पुढच्या रविवारी.” ती म्हणायची, “तुझा पुढचा रविवार कवा येतोय ते मी बघतेच.”

उदगीरच्या बाईंचाही एकदा फोन आला. आम्ही एकदाच भेटलो होतो. त्यांनी सरळ विचारलं, “नांदेडला दर रविवारी जाता म्हणे?”

“होडीच्या खिडक्यांचं काम आहे,” मी म्हणालो.

“जावा की. मी नको म्हनत न्हाई. काम झाल्यावर?”

मी हातातला टेप उघडून परत मिटला. त्यांनीच मग उन्हाचं बोलून फोन ठेवला.

मार्चच्या मध्यावर नवी शीट बसवायला घेतली. इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ॲक्रेलिकची शीट येते तेव्हा तिला दोन्ही बाजूंनी खाकी कागद चिकटवलेला असतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. ॲल्युमिनिअमच्या पट्ट्यांवरही तसंच प्लास्टिक असतं. आणि आपल्या लोकांना नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं म्हणजे जिवावर येतं. फ्रीज जुना होतो तरी त्याच्या दारावरचा कागद तसाच. खिडक्या बसवल्या की घरमालक मला हात जोडून सांगतात, “कागद राहू द्या, घरभरणीला काढू.” मग पाहुण्यांसमोर तो फर्रकन काढायचा आणि खिडकी चकचकीत दिसायची. वीस वर्षांत शेकडो खिडक्या मी तशाच कागदासकट बसवल्या आहेत. घराच्या खिडकीत पट्टी खाचेत धरलेली असते, कागद राहिला काय नि गेला काय, फरक पडत नाही.

पहिली खिडकी लावायला उचलली आणि सवयीनं विचारलं, “मामा, कागद राहू द्यायचा ना?”

मामा खुर्चीतून उठून जवळ आले. शीटच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मग धरणाच्या पाण्याकडे बघत म्हणाले, “राहू द्या. पान्यात उतरवायच्या दिवशी काढू.”

मी गननं काळं सीलंट चारी कडांना घातलं, खिडकी दाबली, बोल्ट बसवले. अशा चार खिडक्या आणि हॅच. काम संपलं तेव्हा आत जाऊन बसलो. पाचही ठिकाणी खाकी कागद, त्यामुळे केबिनमध्ये चहाच्या रंगाचा उजेड होता. फुगलेली बाकडी बदलली होती, नव्या प्लायवूडचा वास येत होता. काम चांगलं झालं होतं आणि चांगल्या कामाचा मला नेहमी होतो तो आनंद होत नव्हता. आता संपलं, एवढंच डोक्यात होतं.

होडी उतरवायला एप्रिलचा पहिला रविवार ठरला. त्या दिवशी सांगायचंच होतं; लग्न महिन्यावर आलं होतं. मामींनी पेढे आणले होते. केळीवाले भाऊबंद आले, भाड्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्यानं आपण होऊन नारळ आणला होता. मामांनी तो फोडू दिला नाही. “आपल्यात न्हाई ते,” म्हणाले आणि नारळ मामींच्या पिशवीत टाकला. “चटनीला व्हईल.”

“हां, काढा आता कागद,” केळीवाले म्हणाले.

मी केबिनमध्ये शिरून पहिल्या खिडकीच्या आतल्या कागदाच्या कोपऱ्यात नख घातलं आणि ओढलं. कागद फर्रकन आला, कडेला पोहोचला आणि तिथं अडला. जरा जोर लावला. कागद कडेखालून सरकत बाहेर येऊ लागला आणि त्याला चिकटून काळं सीलंटही येऊ लागलं, दोरीसारखं, अख्खं, एका खिडकीभर. मी ओढत राहिलो. माझ्या हातात कागद होता आणि कागदाला माझं सगळं काम. खिडकी नुसत्या बोल्टांवर खुळखुळत राहिली.

सीलंट कागदाला चिकटलं होतं, खिडकीला नाही. कडेचा कागद आधी काढायला हवा होता. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळेल अशी चूक वीस वर्षांच्या मिस्त्रीनं पाचही ठिकाणी केली होती. केळीवाल्यांनी खात्रीसाठी दुसऱ्या खिडकीवर बादलीभर पाणी ओतलं. ते आत बाकड्यावर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मी बाहेर आलो. ट्रॅक्टरवाला नारळ फोडला नाही म्हणून असं झालं, असं पुटपुटला. मी मान खाली घालून उभा होतो. लाज वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण तिच्याखाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते काय आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. मला बरं वाटत होतं. आता आणखी दोन-तीन रविवार यावं लागणार होतं. आठ महिन्यांनी मला काहीतरी चांगलं वाटलं, आणि तेही स्वतःचं काम फुकट गेल्याचं.

“असू द्या,” मामा म्हणाले. “पुना करू. पेढे वाटा.”

आम्ही न तरंगलेल्या होडीचे पेढे खाल्ले. सांगायचं त्याही दिवशी राहिलं.

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा खिडक्या उतरवून, स्पिरिटनं पुसून, मामांनी सतरंजीवर मांडून ठेवल्या होत्या. नवीन शीट आणावी लागली नाही, याच पुन्हा चालणार होत्या. मी ओढलेली पहिली सोडली तर बाकीच्यांच्या आतल्या बाजूचा कागद अजून शाबूत होता. सीलंट लागतं ते त्याच बाजूला. मी गन भरायला घेतली. मामा मांडी घालता येत नसल्यानं पाटावर पाय पसरून बसले. एक खिडकी मांडीवर घेतली. खिशातून ब्लेड काढलं, कडेपासून आत बोटभर अंतरावर बारीक पट्टी धरली आणि ब्लेड ओढलं. चार बाजूंना चार रेघा. शीटला ओरखडा नाही, फक्त कागद कापला गेला. मग कोपऱ्यात नख घालून कडेची तेवढीच पट्टी उचलून काढली. मधला कागद तसाच राहिला आणि चारी बाजूंनी स्वच्छ, उघडी कडा तयार झाली. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. दुसरी खिडकी घेतली. ती बघून करायची गरजच नव्हती त्यांना. ते बोलता बोलता, पाण्याकडे बघत, हातानं करत होते.

नवीन शिकलेला माणूस असं काम करत नाही. मी गन खाली ठेवली.

“मामा, तुम्हाला हे माहीत होतं?”

ब्लेड थांबलं नाही. “तीस वर्सं हेच केलंय की.”

“मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा?”

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी तिसऱ्या खिडकीची पट्टी पूर्ण काढली. मामी जवळच डबा सोडत होत्या, त्यांचा हात थांबला.

“उदगीरची हाय न्हवं?” मामा म्हणाले. “जानेवारीतच कळलं आमाला. मामेभावाची सून सांगून गेली. चांगलं झालं म्हनलो मी. हिलाबी बरं वाटलं. एकट्यानं कसं काढनार तुम्ही. मग म्हनलो, आता ह्यो मानूस आपल्याकडं कशाला येईल? लेक न्हाई, नातू न्हाई. जावयाला नुसतं या म्हनलं तर एकदा येतोय, लाजंकाजं. काम असलं तर येतोय.” त्यांनी खिडकी बाजूला ठेवली. “होडी काय मला फिरवायची हाय का? हे गुडगं बघा. पन तुमच्या हातात देन्यासारखं दुसरं काय हाय माज्याकडं?”

मला रडू आलं. आठ महिने मी वाट बघत होतो आणि आलं ते असं, दिवसाउजेडी, केळीच्या कडेला, हातात सीलंटची गन. पुसायला गेलो तर काळा हात तोंडाला लागला. कुणी मला गप्प केलं नाही. मामी पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवून परत डबा मांडू लागल्या.

“मीच सांगणार होतो,” मी म्हणालो. “दर रविवारी ठरवत होतो.”

“दिसत होतं तेबी.” मामांनी हॅचची शीट ओढून घेतली. “हे झाल्यावर डोलकाठीच्या दोऱ्या हायेत. सगळ्या कुजल्यात. मग तळाचा रंग. सुकानाचं लाकूडबी बघाया लागंल. वर्सभर जाईल. लगीन झाल्यावर त्यांनाबी आना, हितं सावलीत बसतील.”

“मामा, काम नसलं तरी येईन मी.”

त्यांनी ब्लेड खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, समजावल्यासारखं.

“तसं कुनी येत न्हाई, जावई.”

ते खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. हात पुसले, टेप काढला आणि दोऱ्यांची मापं घ्यायला होडीवर चढलो.